नळाला फेस, गावाला ताप

तर बातमी अशी आहे, की आपल्या वडवणीच्या एका भल्या घरातल्या पोरानं पुण्यात, वाकडच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजला नळ बसवलाय. पाण्याचा नव्हे, बिअरचा. घराचं नाव मी सांगणार नाही. एक तर ते बरं दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे तुम्हाला ते माझ्या आधी कळलेलं आहे.

ज्यांना खरंच ठाऊक नसेल (बीड–परळी रस्त्यावर राहून अशी माणसं असतात, त्यांना साष्टांग नमस्कार), त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. पोराची आई, तिला आपण नुसतं अक्का म्हणू, मे महिन्यात नातवाला बघायला म्हणून महिनाभराच्या बोलीनं पुण्याला गेली आणि नवव्या दिवशी परत आली. गल्लीनं आधी सुनेशी भांडण लावून दिलं. सुनेला फोन झाले, ती म्हणाली, काहीच नाही. मग पोराची नोकरी गेली असं ठरलं. तेही नव्हतं. शेवटी तिसऱ्या दिवशी दुपारी गहू निवडता निवडता अक्कानंच तोंड उघडलं.

रात्री तहान लागली म्हणून ती उठली होती. स्वयंपाकघरात मोठ्या फ्रिजशेजारी एक बुटका काळा फ्रिज, त्याच्या डोक्यावर चकचकीत खांब आणि खांबाला नळ. शहरात गार पाणी असंच येत असेल म्हणून तिनं खाली तांब्या धरला. नळ फुरफुरला, खाकरला आणि तांब्या भरून फेस आला. पांढराशुभ्र, साबणासारखा. वॉशिंग मशीनचं पाणी फ्रिजात शिरलं या समजुतीनं तिनं पोराला उठवलं. पोरगं डोळे चोळत म्हणालं, "आई, ती बिअर आहे."

इथं परातीभोवतीच्या आठ बायकांनी श्वास रोखला. एकीनं पदर तोंडाला लावला. गव्हाचा धुरळा नाकात गेला असं ती नंतर म्हणाली. अक्का माळकरी, आषाढी चुकवत नाही. सगळ्यांना वाटलं, आता ही सांगणार की मी कपाळ बडवून घेतलं, पोराला विठोबाची शपथ घातली. अक्का म्हणाली, "मी म्हणलं, बिअर असू दे न्हाईतर आणिक काय असू दे. पर तांब्याभर फेस आन् खाली चार घोट? आन् त्यो फेस जातोय कुठं? मोरीत!"

दारूची चर्चा गावात दोन दिवस चालली. फेसाची अजून चाललीय.

त्या दोन दिवसांचं आधी उरकून घेऊ, कारण अब्रूचा प्रश्न होता. पोरानं घरात हातभट्टी लावली, अशी पहिली आवृत्ती बसस्टँडवर निघाली. ती चहाच्या हॉटेलात पोचेपर्यंत धाड पडून गेली होती. तेव्हा आमच्या टेबलावरच्या वकीलसाहेबांनी कप खाली ठेवून खुलासा केला. महाराष्ट्राचा दारूबंदी अधिनियम 1949 सालचा. 6 एप्रिल 1950 पासून त्या वेळच्या मुंबई राज्यात कडक दारूबंदी आली, पुढं ती सैल होत गेली, पण कायदा शाबूत राहिला. त्यामुळं आजही इथं प्यायला परवाना लागतो: एका दिवसाचा 5 रुपयांना, जन्माचा 1000 रुपयांना. बिअरला वय 21 पूर्ण पाहिजे, कडक दारूला 25. आणि परवाना कशासाठी? तर प्रकृती राखण्यासाठी! हे ऐकून टेबलावरच्या दोन प्रकृतींनी एकमेकींकडे पाहिलं. घरी गाळली मात्र सुटका नाही; परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हाच, मग भांडं जर्मनचं असो नाहीतर जर्मनीचं.

पोरगं गाळत नाही. पुण्यात जागेवर बिअर बनवणारी हॉटेलं आहेत, तिथून तो मोठ्या बाटल्या भरून आणतो, त्या घरी एका स्टीलच्या पिंपात ओततो, पिंपाला कार्बन डायऑक्साइड गॅसचं सिलिंडर जोडतो आणि मग तीच बिअर नळानं काढतो. म्हणजे बाटलीतली पिंपात, पिंपातली नळीत, नळीतली गिलासात. बाटलीनं काय घोडं मारलं होतं, असं आमच्या बाप्पांनी विचारलं. पोराचं फोनवरून उत्तर आलं: "फील येतो."

या फीलचं मूळ शोधायला गेलं तर ते पुण्यातही नाही, देवळालीत सापडतं. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत इंग्रज सोल्जर मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे. ऊन, माशा आणि काम काही नाही. त्यात एखाद्याचं डोकं फिरलं की त्याला 'डूलाली टॅप' झाला म्हणायचे. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप. तो शब्द इंग्रजीत गेला, तिथंच राहिला आणि 2009 साली पुण्यात जी पहिली मायक्रोब्रुअरी निघाली, तिनं नेमकं हेच नाव घेतलं, डूलाली. आपल्याच मातीतला वेडेपणा साता समुद्रापार फिरून, टाय लावून परत आला. तेव्हा पोरानं घरी टॅप बसवला असं सून सांगते आणि ताप बसवला असं अक्का म्हणते, त्यात दोघीही बरोबर आहेत. फेसाचं मूळही तापच आहे, पण ते कळायला जरा वेळ लागला.

कारण पहिला उपाय पंक्चरवाल्यानं सांगितला.

त्याचं असं झालं, की तिसऱ्या दिवशी हॉटेलात पोराला फोन लावला होता, रागे भरण्यासाठी. बाप्पांनी घसा साफ केला, "हे बरं न्हाई बाळा" एवढं म्हणून झालं आणि मग कुणीतरी मधेच विचारलं, "फेस किती येतो रे?" पोरगं बिचारं महिनाभर या दुःखात एकटंच होतं. त्यानं सगळं मोकळं केलं. गिलासात पाऊण फेस. मित्र बोलावले तर मित्र फेसाला चमचा मागतात. तोंडाला फेस येईपर्यंत खटपट केली, पण नळाचा फेस काही जाईना. फोन स्पीकरवर होता. टेबलं जवळ सरकली.

पंक्चरवाला म्हणाला, हवा जास्त झालीय. किती ठेवलीस? पोरगं म्हणालं, 12. एवढीच? मोटारसायकलच्या मागच्या चाकात मी 30 मारतो! पण आकडा खरा होता. सिलिंडरच्या आत गॅस दाबून द्रव केलेला असतो, 20 अंशांना तिथला दाब चाकातल्या हवेच्या पंचवीस-तीसपट भरतो. रेग्युलेटर तो उतरवून पिंपाला 12 च्या आसपास देतो. "तरी कमी कर," पंक्चरवाल्यानं निकाल दिला. पोरानं 5 वर आणली. दुसऱ्या दिवशी फोन: फेस वाढला!

हे मात्र कुणालाच पचेना. हवा कमी केली तर फेस वाढतोच कसा? दोन कप चहा झाल्यावर दूध संकलन केंद्रावरचा माणूस म्हणाला, त्या बिअरमध्ये मुरलेला गॅस काय तुमच्या सिलिंडरच्या मर्जीनं बसलाय का? वरून दाब आहे म्हणून बसलाय. दाब काढला की तो उठणार. पिंपातच उठतो, नळीत उठतो, नळीत बुडबुड्यांचे कोश तयार होतात आणि नळाशी आला की फेस. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर हेच होतं. आम्ही त्याच्याकडे आदरानं बघितलं. रोज सकाळी धारोष्ण दुधाच्या कॅनमध्ये फेस धरून माप की फेस सोडून, यावर भांडणं मिटवण्यात त्याची हयात चालली आहे. फेसाच्या बाबतीत तालुक्यात त्याचा शब्द शेवटचा.

मग फ्रिजवाला आला. त्यानं डॉक्टरासारखा एकच प्रश्न केला: "पहिलाच गिलास फेसाळतोय का सगळेच?" हा प्रश्न लिहून ठेवण्यासारखा आहे. पहिला गिलास फेसाचा आणि दुसरा-तिसरा बरा असेल, तर पिंप गार आहे पण वरचा नळाचा खांब गरम आहे. फ्रिजचा गारवा खाली बसतो, खांब बाहेर स्वयंपाकघराच्या उकाड्यात उभा. खांबातली वीतभर बिअर तापलेली असते, ती पहिली फुटते. त्याला कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावून फ्रिजातली गार हवा वर खांबात सोडायची, एवढंच. पण सगळेच गिलास फेसाळत असतील तर रोग पोटात आहे.

पोराचे सगळेच फेसाळत होते. फ्रिजवर आकडा दिसत होता 4. फ्रिजवाला हसला. तो आकडा हवेचा. पिंपातल्या बिअरचा नाही. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून फ्रिजात रात्रभर ठेव आणि सकाळी बघ. सकाळी भरले 9. कारण सून त्याच फ्रिजात नातवाचं दूध, कोथिंबीर आणि आंबे ठेवते आणि दर दहा मिनिटांनी दार उघडते. बिअर 3 ते 4 अंशांवर राहिली तर गॅस निमूट बसतो. साधं पाणी घ्या: शून्य अंशाला एक लिटर पाण्यात, वरून जास्तीचा दाब नसताना, सुमारे 1.7 लिटर कार्बन डायऑक्साइड मुरतो. 20 अंशांना जेमतेम 0.9 लिटर. निम्मा वायू बाहेर! म्हणजे ताप. अक्का पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होती, अर्थात वेगळ्या अर्थानं.

आणि इथून ठिबकवाला सुटला. आतापर्यंत तो कोपऱ्यात गप्प बसून विडी ओढत होता. "नळी किती लांब हाय?" त्यानं विचारलं. पोरगं मोठ्या अभिमानानं म्हणालं, मशीनसोबत तीनेक मीटरचं वेटोळं आलं होतं, फ्रिजात घाण दिसत होतं, म्हणून कापून हातभर ठेवली. एकदम नीट बसलं बघा!

ठिबकवाल्यानं विडी विझवली. त्या माणसाला इतकं संतापलेलं मी फक्त एकदाच पाहिलंय, डीपी जळाली आणि महिनाभर बदलली नाही तेव्हा. तो म्हणाला, येड्या, नळी शोभेची नसती. दाब वाटेत खर्च व्हायला पाहिजे. पिंपातून 12 नं निघालेलं पाणी अरुंद नळीला घासत घासत यावं, नळाशी पोचता पोचता त्याच्यातला जोर मरावा, म्हणजे ते गुमान गिलासात उतरतं. तू वाटच काढून टाकली, तर ते 12 च्या जोरानं गिलासावर आपटणार. फेस न्हाई येणार तर काय लोणी येणार? आमच्या शेतात लॅटरल लांब झाली तर शेवटच्या झाडाला पाणी पोचत न्हाई म्हणून आम्ही रडतो; तुझं तेच औषध हाय आन् तू कापून फेकलंस!

मी नंतर हे पडताळून पाहिलं. घरगुती नळाला आतून पाचेक मिलिमीटर भोकाची नळी असते आणि हौशी लोक ती तीन मीटरच्या आसपास ठेवतात. रुंद नळी घेतली तर आणखी लांब लागते. ठिबकवाला शाळा आठवीला सोडलेला माणूस. त्याला हे अंगठ्यानं नळी चेपून कळलं होतं.

बाकीचे रोग फुटकळ आहेत, भराभर सांगतो. गिलास बर्फाच्या कप्प्यात ठेवून पांढरा करायची जी फॅशन आहे ती बंद करा; त्या बर्फाच्या कणांवरच बुडबुडे जमतात. साध्या स्वच्छ गिलासाला गार पाण्यानं विसळून घ्या, तिरका धरा, शेवटी सरळ करा. पिंप गाडीतून हिंदकळत आणलं असेल तर एक दिवस त्याला हात लावू नका. नळी दर पंधरा दिवसांनी धुवायची, नाहीतर आत खडा धरतो आणि मळी साचते, मग कितीही गार करा, फेस येणारच. ठिबकला आपण ॲसिड सोडतो तसंच हे. गॅस गळतोय का बघायचा असेल तर जोडांना साबणाचा फेस लावा, स्वयंपाकाच्या सिलिंडरला लावतो तसा. (फेसाचा शोध फेसानंच, असं वकीलसाहेब म्हणाले आणि स्वतःच खूप हसले.) आणि खोलीची खिडकी उघडी असू द्या. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, आणि बंद खोलीत तो फुकटची झोप लावतो.

एक राहिलंच. नळ अर्धवट उघडायचा नाही. झटक्यात पूर्ण उघडायचा, झटक्यात बंद. पोराचे सासरे आले की ते नळ करंगळीनं थोडासाच सोडतात, बारीक धारेनं, सांडू नये म्हणून. आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावातल्या माणसाचा हात आहे तो, नळ भसकन सोडणं त्याच्या रक्तात नाही. आणि नेमकं त्या बारीक फटीतून जाताना बिअर घुसळली जाते आणि फेस होतो. काटकसरीनं वाया जाणारी ही मी पाहिलेली एकमेव वस्तू.

वाया जाण्यावरून बाप्पांचं डोकं खरं फिरलं. त्यांना 2016 आठवलं. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आपल्याकडं टँकरमागं घागरी पळत होत्या, आणि औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या बिअर-दारूच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि मे महिन्यात 60 टक्क्यांनी तोडायला सांगितलं होतं. त्या वेळी हॉटेलात याच टेबलावर बिअरला किती पाणी लागतं याचे हिशेब झाले होते. एक लिटर बिअरला तीन-चार लिटर पाणी, तेही कारखाना जपून वापरत असेल तर. बाप्पा म्हणाले, पी बाबा, तुझा परवाना हाय, तुझी प्रकृती हाय. पर गिलासभर फेस मोरीत ओतलास म्हंजे तू घागर ओतलीस. टेबलावर कुणी हसलं नाही. चहावाल्यानंसुद्धा कप विसळायची मोठी बादली जरा आत सरकवली.

बाप्पांचा हिशेब पूर्ण बरोबर नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. फेस खाली बसला की त्याची बिअरच होते. 2002 साली एका जर्मन शास्त्रज्ञानं बिअरचा फेस कोणत्या गणितानं बसतो हे मोजलं आणि त्याला इग नोबेल मिळालं, हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. धीर असेल तर फेस फुकट जात नाही. पण पाहुणे बसलेले, गिलास रिकामा, मागून आणखी तीन गिलास: पोराला कुठला धीर!

शिवाय दोन बोटं फेस हवाच असतो. तो बार्लीतल्या प्रथिनांनी आणि हॉप नावाच्या कडू फुलानं धरलेला असतो, बिअरचा वास त्यातच असतो, आणि ज्या बिअरवर फेस नाही ती शिळी नाहीतर गिलास तेलकट. तेल हा त्याचा वैरी. इथं एक नाजूक गोष्ट बाहेर आली. मधे एका शनिवारी पार्टीला फेस अचानक कमी झाला, पोराला वाटलं मशीन सुधारलं. तपास करता कळलं, की त्या दिवशी अक्कानं पाठवलेला शेंगदाण्याचा चिवडा उघडला होता. आमच्या भागातला चिवडा म्हणजे बशीला तेल सुटलेलं. सगळ्यांचे ओठ तेलकट, तेच गिलासाला, आणि गिलासातला फेस पाचच मिनिटांत मेला. माळकरी बाईच्या हातच्या चिवड्यानं जे केलं ते महिनाभर कुठल्या तज्ज्ञाला जमलं नव्हतं. हे अक्काला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आता नवी भानगड अशी, की असा एक नळ वडवणीतही बसतोय म्हणतात. कोण ते विचारू नका. बंगला नवा आहे, गच्चीवर पत्र्याचं शेड आहे, बाकी तुम्ही समजा. गावच्या बायकांनी अजून काही ठरवलेलं नाही, पण अडचण दिसते आहे. दुकान बंद करायचं तर आपल्याकडं उभी बाटली, आडवी बाटली असं मतदान होतं; बायका आडव्या बाटलीवर शिक्का मारतात आणि दुकान बंद पाडतात. इथं बाटलीच नाही. नळाला कोणतं चिन्ह देणार, उघडा नळ आणि बंद नळ?

माझं मत विचाराल तर मतदानाची गरज पडणार नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा 42 च्या वर जातो. गॅसचं सिलिंडर शेडात ठेवलं तर 31 अंशांच्या वर त्यातला गॅस द्रव राहतच नाही आणि आतला दाब चढत जातो. दुपारी लाईट गेली की तीन तास पिंप तापणार. लाईट आली की घरमालक घाईघाईनं नळ सोडणार. आणि पत्र्याखाली कारंजं उडणार. वाकडला निदान सोसायटीचं जनरेटर आहे.

अक्का शनिवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुन्हा पुण्याला निघालीय. सुनेला कळवलंय, नातवाची आठवण येते म्हणून. पिशवीत ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी, दोन किलो चिवडा. सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पांढऱ्या नळीचं वेटोळं आहे, बीडहून आणलेलं, पाणी शुद्ध करायच्या मशीनला लावतात ती, खाण्यापिण्याला चालणारी. ठिबकवाल्यानं तीन मीटर सांगितली होती. अक्कानं साडेतीन घेतलीय, पोरगं परत कापेल म्हणून.